चषक नंतर, आधी मंगळवारचा सराव

प्रति,
वस्त्यांमधल्या खेळाला निधी देणाऱ्या संस्था, कंपन्यांचे समाजकार्य विभाग, स्थानिक प्रशासनातले क्रीडा अधिकारी आणि क्रीडा संघटनांचे पदाधिकारी यांस,

विषय : निधी एका दिवसाच्या स्पर्धेला न देता वर्षभराच्या सरावाला देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आम्ही वंचित वस्त्यांमध्ये खेळाचे वर्ग चालवणारे प्रशिक्षक आणि संयोजक. पुढच्या वर्षाच्या निधीचे निर्णय घ्यायला तुम्ही बसाल, त्याआधी हे पत्र तुमच्या वाचनात यावे म्हणून ते खुलेपणाने लिहीत आहोत.

तुमच्यापुढे येणाऱ्या प्रस्तावांत एक ठरलेला प्रकार असतो : एका दिवसाची स्पर्धा, 600 मुले, सगळ्यांना टी-शर्ट, चषक, प्रमुख पाहुणे. तो लवकर मंजूर होतो, कारण त्याचा हिशेब सोपा आणि फोटो छान. पण जरा आकडेमोड करून पाहा. 600 मुले एक दिवस आली म्हणजे 600 हजेऱ्या. त्याऐवजी 60 मुलांचा सराव आठवड्यातून दोनदा, वर्षातले 40 आठवडे चालवला, तर 80 सराव होतात. सरासरी 80 टक्के हजेरी धरली तरी 3,840 हजेऱ्या. अहवालात मात्र पहिल्या उपक्रमाचे लाभार्थी 600 आणि दुसऱ्याचे फक्त 60 दिसतात. ही मोजणी बदलली नाही, तर चांगले काम कायम लहानच दिसत राहील.

युनेस्कोने 1978 च्या सनदेत शारीरिक शिक्षण आणि खेळ हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानला. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी असे सांगते. म्हणजे आठवड्याला 420 मिनिटे. दीड-दीड तासाचे दोन सराव झाले तरी 180 मिनिटेच भरतात. उरलेली मिनिटे मूल गल्लीत, शाळेत, पायऱ्यांवर खेळून भरून काढते, पण त्यासाठी खेळायची गोडी आणि सवय लागलेली असावी लागते. वर्षातून एकदा धावलेल्या मुलाला ती कुठून लागणार?

आणखी एक गोष्ट आमच्याच बाजूच्या लोकांना नीट ऐकवायला हवी. खेळल्याने मूल आपोआप शहाणे, शिस्तीचे, निर्व्यसनी होत नाही. ज्या मैदानावर सहकार्य शिकता येते, त्याच मैदानावर दादागिरीही शिकता येते. ओरडणारा, चिडवणारा, नेहमी त्याच सात मुलांना खेळवणारा प्रशिक्षक असेल, तर बाकावर बसलेली मुले एवढेच शिकतात की इथेही आपली गरज नाही. फरक पडतो तो एका ओळखीच्या मोठ्या माणसामुळे. तो ठरलेल्या वेळी येतो, त्याला मुलाचे नाव माहीत असते आणि मूल दोनदा आले नाही तर ते त्याच्या लक्षात येते. खेळ हे त्या माणसापर्यंत मुलाला आणायचे निमित्त.

म्हणून निधीतला पहिला हक्क प्रशिक्षकाचा. 24 मुलांमागे दोन माणसे हवीत, त्यातली एक स्त्री, आणि शक्यतो दोघे त्याच वस्तीतले किंवा चालत येण्याच्या अंतरावरचे. बहुतेक ठिकाणी मानधन फक्त मैदानावरच्या तासांचे मिळते : आठवड्याला तीन तास. प्रत्यक्षात प्रत्येक सरावाआधी अर्धा तास मैदान पाहायला, साहित्य मांडायला जातो आणि नंतर अर्धा तास आवरायला, मुलांना वाटेला लावायला. हे झाले आणखी दोन तास. घरभेटींना दोन तास, हजेरीपट आणि पुढची आखणी एक तास. म्हणजे काम आठ तासांचे आणि मोबदला तीन तासांचा. मग दुसरीकडे बरी नोकरी मिळताच प्रशिक्षक वर्षाच्या मध्यात जातो, आणि त्याच्याबरोबर निम्मी मुलेही जातात. यात निष्ठेची कमतरता शोधू नका. आठही तास मोजा आणि करार निदान तीन वर्षांचा करा. पहिले वर्ष ओळखीत जाते, दुसऱ्या वर्षी मुली टिकू लागतात, तिसऱ्या वर्षी आधीची मुले मदतनीस म्हणून उभी राहतात.

मदतनिसांचा मुद्दा किरकोळ नाही. नैरोबीतल्या मथारे वस्तीत 1987 मध्ये सुरू झालेल्या युवक क्रीडा संघटनेने तो फार नेटका सोडवला. तिथे लहान मुलांचे संघ चालवणाऱ्या, पंच म्हणून उभे राहणाऱ्या किशोरांच्या कामाचे गुण मोजले जातात आणि त्यातून त्यांच्या शाळेची फी भरायला मदत होते. वस्तीतला कचरा उचलणाऱ्या संघाला लीगच्या तक्त्यात गुण मिळतात. काम आणि खेळ एकाच तक्त्यात आल्यामुळे सफाईला वेगळे भाषण लागत नाही. अशी तरतूद तुम्हीही करू शकता : दर 24 मुलांमागे 16 ते 18 वयाचे दोन मदतनीस, आणि त्यांच्या शिक्षणाला थेट हातभार.

आता मैदान. तोंडी परवानगी म्हणजे परवानगी नव्हे. कार्यक्रम आला, वाहने लावायची झाली, मोठ्या मुलांचा सामना ठरला की सगळ्यात आधी लहानांचा सराव हलतो, आणि दोनदा हलला की मुले येणे थांबवतात. स्थानिक प्रशासनाने वार, वेळ आणि मैदानाचा कोणता भाग हे लिहून द्यावे आणि तो कागद मैदानाच्या फाटकावर लावावा. मोठे मैदान लागतच नाही. 30 मीटर बाय 20 मीटर सपाट जागेत दहा मुले फुटबॉल खेळू शकतात. चार-चारच्या छोट्या सामन्यांत प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू अकरा-अकराच्या सामन्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा लागतो. कबड्डीला 13 मीटर बाय 10 मीटर पुरते, पण माती भुसभुशीत हवी. टणक जमिनीवर कबड्डी घेतली तर गुडघे आणि कोपरे सोलवटतात आणि मुले पकड करायला घाबरू लागतात.

मैदानावरच्या दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, चुन्याच्या रेषा. ओलसर चुना कातडी भाजतो, आणि घामेजलेले मूल रेषेवर पडून तो डोळ्यात गेला तर नजरेलाच धोका. पाण्यात मिसळायचा मैदानाचा रंग किंवा खडूची पूड वापरा, नाहीतर नुसते खुणेचे कोन ठेवा. दुसरी, न बांधलेले गोलपोस्ट. हलवता येणाऱ्या लोखंडी गोलपोस्टच्या आडव्या दांड्याला मुले लोंबकळतात आणि तो पुढे उलटतो. अशा अपघातांत मुले दगावलेली आहेत. मागच्या पायाला वाळूने भरलेली पोती किंवा जमिनीत ठोकलेले अंकुश नसतील, तर गोलपोस्ट आडवा करून ठेवा आणि दोन कोनांमध्ये गोल घ्या. सरावाआधी दोघांनी हाताच्या अंतराने चालत अख्खे मैदान पालथे घालावे : काचा, तारा, खिळे, सुया. पाच मिनिटांचे काम आहे. ज्या दिवशी ते टाळले जाते, नेमका त्याच दिवशी कोणाचा तरी पाय चिरतो.

दिव्यांसाठी निधी देणाऱ्यांना एवढेच सांगणे की मैदानावर लख्ख उजेड आणि घरी जायची वाट काळोखात, असे करू नका. सरावाला सुमारे 75 लक्स (उजेड मोजायचे एकक) उजेड पुरतो. उरलेले दिवे वाटेवर लावा.

साहित्याच्या यादीत सगळ्यात महाग गोष्टी सहसा निरुपयोगी असतात. 24 मुलांना 12 चेंडू, संघ ओळखायला कपड्यांवरून घालायच्या दोन रंगांच्या बिनबाह्यांच्या बंड्या (बिब) 12-12, 40 चपटे कोन, दोन शिट्ट्या, एक दाबमापकाचा पंप आणि दहा सुया हव्यात. चेंडूचा आकार वयाप्रमाणे : आठ वर्षांखाली 3 नंबर, 8 ते 12 ला 4 नंबर, त्यापुढे 5 नंबर. सगळ्यांना 5 नंबर घेतला की लहान मुले बोटांनी टोचून मारायला शिकतात, कारण चेंडू त्यांच्या पायाला जड पडतो. खडबडीत जमिनीवर शिवलेल्या चेंडूची शिवण महिन्याभरात उसवते. तिथे साचातला रबरी चेंडू घ्या. आणि चेंडू मरतात ते बहुधा सुईने, लाथेने नव्हे. कोरडी सुई जोर लावून खुपसली की आतला व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू रोज रात्री थोडा थोडा बसू लागतो. सुई पाण्यात बुडवून, सरळ धरून, हलके फिरवत आत घालायची. हवा भरताना पंप डुलवायचा नाही. दाब 8.5 ते 9 पीएसआय पुरे. दगडासारखा टणक भरलेला चेंडू शिवणीवर ताण आणतो आणि नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी घाबरवतो. हेडिंगची, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याची, तर दहा वर्षांपर्यंत गरजच नाही. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2015 मध्ये या वयासाठी ते बंदच केले.

दीड तासाचा सराव आम्ही साधारण असा बसवतो. पहिली दहा मिनिटे गोलात उभे राहून हजेरी, प्रत्येकाचे नाव घेऊन. पंधरा मिनिटे अंग मोकळे करणे. पंचवीस मिनिटे एकच कौशल्य, जोडीजोडीने, म्हणजे रांगेत कोणी ताटकळत नाही. पाच मिनिटे पाणी. पंचवीस मिनिटे छोटे सामने. शेवटची दहा मिनिटे पुन्हा गोलात बोलणे. सर्वात आधी काय कापले जाते? शेवटचे बोलणे. अंधार पडत असतो, मुले खेळ सोडायला तयार नसतात, आणि प्रशिक्षकालाही बोलण्यापेक्षा खेळ घेणे सोपे जाते. पण खेळातून काही शिकवायचे असेल, तर ते याच दहा मिनिटांत होते. उपाशीपोटी आलेल्या मुलांकडून पळण्याच्या फेऱ्या काढून घेऊ नका. चक्कर येणारे मूल आळशी नसते. पोटात घालायला काहीतरी सराव सुरू होण्याआधी थोडे आणि संपल्यावर पुरेसे द्यायची सोय अंदाजपत्रकातच असावी.

या बोलण्याला आकार देणारी एक पद्धत कोलंबियातून आली. मेडेलीन शहरात 1994 मध्ये विश्वचषकातल्या स्वयंगोलानंतर आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची हत्या झाली. त्यानंतर तिथल्या वस्त्यांत तरुणांना एकत्र आणण्यासाठी जो खेळ रचला गेला, तो आज फुटबॉल-थ्री म्हणून जगभर खेळला जातो. त्यात सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ समोरासमोर बसून नियम ठरवतात. दुसऱ्यात खेळ होतो, मुले-मुली एकत्र, पंचाशिवाय. तिसऱ्यात पुन्हा बसून नियम पाळले गेले का यावर बोलतात आणि एकमेकांना गुण देतात. गोलांचे गुण आणि वागण्याचे गुण एकत्र मिळून निकाल लागतो. इथे मध्यस्थ कसलेला लागतो. पहिले काही आठवडे तिसऱ्या भागात दोन्ही संघ खाली बघत बसतात, नाहीतर मित्र मित्रांना पूर्ण गुण वाटतात. मध्यस्थाने तिथे निवाडा द्यायचा नाही, एकच नेमका प्रश्न विचारायचा : “ती पडली तेव्हा सगळ्यात जवळ कोण होते?” मग थांबायचे. ती शांतता सहन झाली नाही आणि मध्यस्थच बोलू लागला, तर पुढच्या आठवड्यापासून मुले त्याच्याच निकालाची वाट पाहतात. मध्यस्थ तयार व्हायला एका दिवसाचे शिबिर पुरत नाही. तीन-चार महिने अनुभवी माणसाच्या शेजारी बसावे लागते. अंदाजपत्रकात यालाही जागा ठेवा.

मुलींबद्दल थोडे सविस्तर. “सर्वांना खुले” असे लिहिलेला वर्ग महिन्याभरात मुलांचा होतो. मुली येत नाहीत याचा अर्थ त्यांना खेळायचे नाही असा काढला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. त्यांची वेळ घरच्या कामात अडकलेली असते. पाठीवर धाकटे भावंड असते. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसते. कठड्यावर बसून शेरे मारणारे असतात. अंधार पडायच्या आत घरी पोचायचे असते. प्रत्येक अडचणीला उपाय आहे आणि तो फार खर्चिक नाही. मुलींची वेळ मैदानाच्या तक्त्यात वेगळी लिहा. “मैदान रिकामे असेल तेव्हा” ही वेळ नव्हे. वेळ त्यांच्या आयांना विचारून ठरवा. धाकट्या भावंडांसाठी कोपऱ्यात सतरंजी, चार चेंडू आणि एक मदतनीस ठेवा. पोशाखाची सक्ती नको. सैल पँट, ओढणी घट्ट बांधलेली, जे चालेल ते चालू द्या, फक्त पायात बूट असू देत. सॅनिटरी पॅड पहिल्या उपचारांच्या पेटीतच ठेवा, म्हणजे मागायला लागत नाहीत. सरावानंतर मुली गटाने निघाव्यात आणि शेवटची मुलगी घरी पोचेपर्यंत प्रशिक्षक ताईंचे काम संपलेले नसावे. बारा ते चौदा या वयात गळती सर्वाधिक होते, म्हणून त्या वयातल्या प्रत्येक मुलीच्या घरी वर्षातून निदान दोनदा जायला हवे, तक्रार नसतानाही.

खेळाची निवडही इथे निर्णायक ठरते. काबूलमध्ये 2007 मध्ये सुरू झालेल्या, स्केटबोर्ड शिकवण्याच्या उपक्रमात मुली मोठ्या संख्येने आल्या. सायकल चालवणे मुलींना शोभत नाही असे ठरून गेले होते, पण स्केटबोर्ड कोणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो कोणाचा हे ठरलेले नव्हते. ज्या खेळावर मुलांनी आधीच हक्क सांगितलेला नाही, असा एखादा खेळ यादीत हवाच : हँडबॉल, फ्रिस्बी, काहीही. सगळेच सारखे नवखे असले की मुली मागे पडत नाहीत.

अपंग मुलांसाठी वेगळा दिवस भरवण्याआधी नेहमीच्या सरावात चार गोष्टी बदलून पाहा : जागा, काम, साहित्य, सोबती. चेंडू मोठा किंवा आवाज करणारा घ्या, अंतर कमी करा, ठळक रंगाचे कोन लावा, जोडीदार द्या. बहुतेक मुले एवढ्यावर खेळू लागतात.

मुलांच्या सुरक्षिततेची अट तुम्हीच घाला. तुमच्याशिवाय कोणाच्या हातात तो लगाम नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्समधल्या लॅरी नासर या डॉक्टरला लैंगिक अत्याचारांबद्दल 2018 मध्ये शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया न्यायालयात बोलल्या. त्याच्याविषयी तक्रारी त्याआधी कित्येक वर्षे येत होत्या. पदके मिळत असली की ऐकणारे कान बंद होतात, हे तिथे दिसले, आणि गरीब वस्तीतल्या मुलाचे ऐकणारे तर त्याहून कमी असतात. नियम साधे आहेत. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर एकटा नसेल. मुलांशी खासगी संदेशांतून बोलणे बंद. निरोप पालकांच्या गटावर. नेमणुकीआधी दोन जुन्या ठिकाणी चौकशी. तक्रार घेणारी व्यक्ती संस्थेबाहेरची, आणि तिचा नंबर मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात मैदानावर. मुलांचे फोटो नाव-पत्त्यासह छापू नका. तुमच्या अहवालांसाठीही नाही.

दुखापतींबाबत प्रत्येक प्रशिक्षकाला चार गोष्टी पाठ हव्यात. डोक्याला मार लागला आणि शंका आली, तर मूल त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय. उन्हात मूल बरळू लागले तर आधी अंगावर पाणी ओतून वारा घाला, मग रुग्णालयात हलवा. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे मैदानात कोणी नाही. मुरगळलेल्या घोट्याला पहिले दोन दिवस मालिश नाही. अंग मोकळे करण्यासाठी फिफाचा 11 प्लस हा सुमारे वीस मिनिटांचा कार्यक्रम चांगला आहे, पण तो 14 वर्षांपुढच्यांसाठी आहे. 7 ते 13 वयोगटासाठी वेगळा आहे. मोठ्यांचा कार्यक्रम लहानांवर लादू नका.

मोठ्या वयाच्या तरुणांसाठी अमेरिकेत 1986 मध्ये मेरीलँड राज्यात रात्रीचे बास्केटबॉल सुरू झाले. भटकायची वेळ तीच खेळायची वेळ करायची, ही त्यामागची कल्पना. पुढे त्यामुळे गुन्हे कमी झाले का यावर मोठा वाद झाला. त्यातून आम्ही एवढेच घेतो : वेळ त्यांच्या सोयीची असावी, खेळाबरोबर काम-धंद्याचे मार्गदर्शन जोडलेले असावे, आणि एका मैदानाकडून अख्ख्या भागातले गुन्हे घटवण्याची अपेक्षा ठेवू नये.

म्हणून आमच्याकडून मोठे दावे मागू नका. “जीवन बदललेली मुले किती?” या रकान्यात कोणीही प्रामाणिक माणूस आकडा भरू शकत नाही. त्याऐवजी मागा : वर्षात ठरलेल्या सरावांपैकी किती झाले, किती रद्द झाले आणि का. किती मुले निम्म्याहून अधिक सरावांना आली. मुली किती. कोण सोडून गेले, त्यांच्या घरी कोणी गेले का, कारण काय निघाले. शाळा सोडलेल्यांपैकी किती परत गेले आणि सहा महिन्यांनंतर टिकले. रद्द झालेल्या सरावांचा आकडा कोरा असेल तर तो अहवाल खोटा समजा. पाऊस, परीक्षा, आजारपण यांतून कोणाचीच सुटका नाही.

निधीचे दहा वाटे केले तर पाच प्रशिक्षक आणि मदतनिसांना द्या. एक मैदान आणि उजेडाला, एक साहित्याला, एक खाऊ, पाणी, औषधे आणि विम्याला, एक प्रशिक्षकांच्या शिक्षणाला आणि प्रवासाला. दहावा वाटा सामन्यांना. होय, सामने हवेतच. मुलांना ते मनापासून हवे असतात आणि त्यात त्यांची चूक नाही. महिन्यातून एकदा, जवळपासच्या चार वस्त्यांत, सगळ्यांना खेळायला मिळेल असे. कार्यालयाचा खर्च या वाट्यांबाहेर उघडपणे मागू द्या. तो लपवावा लागला की बाकीचे आकडे वाकडे होतात.

निर्णय घेण्याआधी एकदा सरावाला या. कळवून येऊ नका, म्हणजे फलक लागणार नाही आणि मुलांना ओळीत उभे केले जाणार नाही. एखाद्या साध्या मंगळवारी या, कठड्यावर बसा, आणि सराव संपल्यावर ताईंकडे हजेरीपट मागा. जिथे सलग तीन वेळा फुली आहे, त्या मुलाच्या नावावर बोट ठेवून हे कुठे आहे ते विचारा.

आपले,
वस्त्यांमध्ये खेळाचे वर्ग चालवणारे प्रशिक्षक आणि संयोजक